भोक न पाडता जोड: धातूच्या पिनांच्या पद्धतीमागची पार्श्वभूमी

ॲल्युमिनिअमचा पत्रा आणि कार्बन तंतूंचे लॅमिनेट (तंतूंचे थर रेझिन नावाच्या चिकट प्लास्टिकने बांधून केलेला पत्रा) एकमेकांना जोडायचे म्हटले की नेहमीचे वेल्डिंग आधीच बाद होते. ॲल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या कितीतरी आधी लॅमिनेटमधले रेझिन जळून जाते. मग दोनच जुने मार्ग उरतात: गोंदाने चिकटवायचे किंवा भोक पाडून रिव्हेट-बोल्ट बसवायचे. धातूवर बारीक पिना उभारून त्या लॅमिनेटच्या तंतूंमध्ये शिरवायच्या, ही पिनांची पद्धत या दोन्हींच्या उणिवांमधूनच पुढे आली.

गोंदाचा मार्ग दुसऱ्या महायुद्धात सिद्ध झाला. इंग्लंडमध्ये डक्सफर्ड इथल्या नॉर्मन डी ब्रुइन यांच्या ‘एरो रिसर्च’ कंपनीने ‘रेडक्स’ हा गोंद तयार केला. त्यात पृष्ठभागावर फिनॉलिक द्रव लावून वर पॉलिव्हिनाइल फॉर्मलची पूड भुरभुरायची आणि उष्णता व दाब देऊन जोड पक्का करायचा. १९४४मध्ये पहिल्यांदा उडालेल्या ‘डी हॅविलँड हॉर्नेट’ या लढाऊ विमानात याच गोंदाने लाकूड आणि ॲल्युमिनिअम जोडले होते. कातर-भाराला, म्हणजे पत्रे एकमेकांवरून सरकवणाऱ्या भाराला, असा जोड उत्तम टिकतो, पण कड उचलणाऱ्या ताणापुढे तो कमकुवत पडतो. शिवाय धातूच्या पृष्ठभागाची तयारी बिघडली तर वरून काहीच कळत नाही, आणि तडा एकदा पळू लागला की त्याला अडवणारे मध्ये काही नसते.

रिव्हेटची अडचण वेगळी आहे. धातूच्या पत्र्यात भोकाच्या कडेला ताण साठला तर पत्रा थोडा ताणला जातो आणि भार शेजारच्या रिव्हेटवर सरकतो. कार्बन लॅमिनेट तसे ताणले जात नाही. ड्रिलने भार वाहणारे तंतूच कापले जातात, आणि ड्रिल बोथट असेल किंवा मागून आधार नसेल तर बाहेर पडण्याच्या बाजूला थर सुटतात. त्यात कार्बन विद्युतवाहक असल्यामुळे ओलावा मिळताच त्याला चिकटलेले ॲल्युमिनिअम गंजू लागते. विमानांत अशा ठिकाणी महागडे टायटॅनियमचे फास्टनर वापरण्याचे हे मोठे कारण आहे. मोटारींमध्ये आधी भोक न पाडता घुसणारे रिव्हेट आले. २००३च्या जॅग्वार एक्सजेच्या ॲल्युमिनिअम बॉडीत ते तीन हजारांहून अधिक होते. पण तेही वरचा थर कापूनच आत जातात, म्हणजे लॅमिनेटमधले तंतू तुटायचे ते तुटतातच.

तंतू न कापता जाडीच्या दिशेने मजबुती देण्याचा विचार १९९०च्या दशकात ‘झेड-पिन’मधून रुजला. न शिजवलेल्या लॅमिनेटमध्ये अल्ट्रासॉनिक हातोड्याने सुमारे ०.३ ते ०.५ मिलिमीटर जाडीच्या कार्बनच्या काड्या ठोकायच्या. सुई कापडाचे दोरे बाजूला सारत जाते तशा त्या शिरतात. एफ/ए-१८ई/एफ या लढाऊ विमानातही त्या वापरल्या गेल्या. मात्र या काड्या लॅमिनेटच्याच आत राहत होत्या, धातूशी त्यांचे नाते नव्हते.

पिन धातूतूनच उगवावी, हे पाऊल केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय संस्थेने २०००च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सर्फी-स्कल्प्ट’ने टाकले. निर्वात पेटीत इलेक्ट्रॉन किरण पृष्ठभागावरून झर्रकन फिरवला की वितळलेला धातू किरणाच्या उलट दिशेला सरकतो. एकाच जागेपासून अनेक फटकारे मारले की तिथे टोक वर येते आणि फटकारा जिथे संपतो तिथे तेवढाच खळगा पडतो. त्यावर तंतूंचे थर रचून रेझिन पक्के केले की तयार झालेल्या जोडाला संस्थेने ‘कोमेल्ड’ नाव दिले. त्याचा खरा फायदा तुटण्याच्या रीतीत आहे. जोड एकदम सुटत नाही, आधी पिना वाकतात आणि त्यात बरीच ऊर्जा खर्च होते. पण निर्वात पेटी आली की भागाचे आकारमान आणि खर्च, दोन्हींवर मर्यादा येते.

ऑस्ट्रियाच्या फ्रोनिअस या वेल्डिंग-यंत्रांच्या कंपनीने आपल्या ‘कोल्ड मेटल ट्रान्सफर’ वेल्डिंगमधून उघड्या हवेत चालणारा पर्याय दिला. साधारण एक मिलिमीटरची तार पत्र्याला टेकवून वेल्ड करायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा विद्युतप्रवाहाने तापवून मागे ओढायची. प्रवाह आणि ओढ यांच्या प्रमाणानुसार तार टोकदार, सपाट किंवा गोळ्याच्या डोक्याची तुटते. गोळ्याचे डोके जोड उचकटू देत नाही, पण कापडाचे थर त्यावरून खाली बसवणे जड जाते. टायटॅनियमच्या पिना थेट थ्रीडी छपाईने उभारण्याचेही प्रयोग झाले. ते विमानांपुरतेच परवडतील असे दिसते.

कारखान्याच्या दृष्टीने सर्वांत आशादायक वाट आहे थंड घडाईची, म्हणजे धातू न तापवता दाबून घडवण्याची. जर्मनीत पाडरबॉर्न, एर्लांगेन आणि ड्रेस्डेन इथल्या विद्यापीठांचा यांत्रिक जोडणीवरचा मोठा संयुक्त प्रकल्प २०१९पासून सुरू आहे, आणि त्यात या पिनांवरही काम चालते. पत्र्याच्या एका बाजूने पंच (कठीण दांडा) दाबायचा, की धातू दुसऱ्या बाजूच्या डायच्या (साच्याच्या) भोकात चढून पिन बनते. वेगळी तार नाही, वेल्ड नाही, आणि दाबामुळे पिन मूळ पत्र्याहून कठीण होते.

हिशेब साधा आहे. १.५ मिलिमीटर व्यास आणि तेवढ्याच उंचीच्या पिनेला सुमारे २.६५ घन मिलिमीटर धातू लागतो. सगळा धातू वर चढला असता तर ३ मिलिमीटरचा पंच ०.३८ मिलिमीटर दाबून भागले असते. प्रत्यक्षात बराच धातू पत्र्यातच आडवा पसरतो, म्हणून बरेच जास्त दाबावे लागते. फार दाबले तर पिनेच्या मुळाशी पत्रा पातळ होतो आणि जोड तिथेच तुटतो.

पुढची पायरी म्हणजे थर्मोप्लास्टिक (तापवल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकचे) लॅमिनेट जोडाच्या जागीच तापवून पिना आत दाबणे. असे एक प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन, सुमारे १६५ अंशांना वितळते. गरमी कमी पडली तर तंतू तुटतात किंवा पिन वाकते, जास्त झाली तर थर फुगून आत पोकळ्या राहतात. नीट जमले तर तंतू पिनेला वळसा घालून डोळ्याच्या आकारात पसरतात. त्या डोळ्याच्या दोन्ही कोपऱ्यांत नुसते प्लास्टिक उरते, आणि तडा तिथून सुरू होऊ शकतो. पिन लॅमिनेटपेक्षा लांब ठेवली तर बाहेर आलेले टोक ठोकून रिव्हेटसारखे डोके करता येते. नुसत्या सरळ पिनेपेक्षा असा जोड उचकटायला अवघड जातो.

मोटारीत हे वापरताना रंगकामाची भट्टी आडवी येते. तिथे तापमान १८० अंशांच्या आसपास असते, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन तर वितळेलच. न वितळणारे लॅमिनेट घेतले तरी २० अंशांवरून तिथवर जाताना एक मीटर ॲल्युमिनिअम ३.७ मिलिमीटर वाढते, पोलाद सुमारे १.९, आणि कार्बन लॅमिनेट तंतूंच्या दिशेने जवळपास नाहीच. हा सगळा फरक कडेच्या ओळीतल्या पिनांना सोसावा लागतो. म्हणून असे जोड रंगकामानंतर करणे किंवा पिनांचा पट्टा छोटा ठेवणे बरे. कार्बन आणि ॲल्युमिनिअम यांच्यामध्ये काचतंतूंचा पातळ थर घालून गंज रोखता येतो, पण पिन त्या थरातूनही आरपार जाते. त्यामुळे पिनेभोवती ओलावा शिरू न देण्याची काळजी वेगळी घ्यावी लागते.