प्रीपेड कार्डात पैसे भरतात कुठून?

निपाणी-बेळगाव पट्ट्यात प्रीपेड घरोघरी पोचलं ते मोबाईलच्या रिचार्ज कूपनाने. पानपट्टीवर रोख द्यायची, नाण्याने पट्टी खरवडायची, खालचे आकडे दाबायचे की बॅलन्स जमा. तेव्हा बाहेर हा प्रकार बराच पुढे गेला होता: हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड 1997 चं, बसला आणि दुकानात दोन्हीकडे चालणारं.

आपल्याकडे याला चौकट मिळाली 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याने. एप्रिल 2009 मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डांच्या जाती लावल्या. कार्ड देणाऱ्या कंपनीच्याच दुकानात चालतं ते क्लोज्ड. करार झालेल्या ठरावीक ठिकाणी चालतं ते सेमी-क्लोज्ड. सगळीकडे चालून एटीएममधून रोखही देतं ते ओपन, आणि ते द्यायचा हक्क तेव्हा बँकांचाच.

2016 च्या नोटाबंदीत वॉलेटचे, म्हणजे मोबाईलमधल्या प्रीपेड पाकिटांचे, स्टिकर चहाच्या गाड्यांवरही चिकटले. पण यूपीआय थेट खात्यातून पैसे देऊ लागल्यावर आधी वॉलेट भरा, मग खर्चा हा उपद्व्याप कोण करणार?

ऑगस्ट 2021 च्या नियमांनी जातींची मांडणीच बदलली. आता विचारतात ते केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, किती झालं. जुजबी माहितीवर काढलेल्या वॉलेटात 10,000 च्या वर शिल्लक नको. पूर्ण केवायसी असेल तर 2 लाखांपर्यंत. रोखीने भरायची मर्यादा महिन्याला 50,000. लग्नात देतात ते गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त 10,000 चं. ते पुन्हा भरता येत नाही, त्यातून रोखही निघत नाही. जून 2022 मध्ये बिगरबँक कंपन्यांना कर्जाच्या पैशातून वॉलेट भरायलाही मनाई झाली. थोडक्यात, पानपट्टीवरची रोख मागे पडत गेली आणि बँकेचं खातं पुढे आलं.

सीमाभागात प्रीपेड टिकवलं ते फास्टॅगने, असं माझं मत. 15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्रीपासून तो सक्तीचा झाला, नाहीतर तेव्हा दुप्पट टोल बसायचा. कोगनोळी नाक्यावर बॅलन्स संपलेला निघाला की मागून हॉर्न सुरू, आणि गाडीतला कोणीतरी यूपीआय उघडून गाडीचा नंबर टाकतो. पाटी केए-22 असो की एमएच-09, सीमेचा वाद टॅगला ठाऊक नाही. भरणा मात्र टॅग देणाऱ्या बँकेवर अवलंबून. 15 मार्च 2024 नंतर पेटीएम पेमेंट्स बँकेच्या टॅगमध्ये पैसे भरणं बंद झालं. होती तेवढी शिल्लक वापरता आली.

ऑगस्ट 2025 मध्ये खासगी कारसाठी वार्षिक पास आला, तेव्हा 3,000 रुपयांना. त्यात पैसे नाहीत, फेऱ्या भरलेल्या: वर्षभर किंवा 200, जे आधी संपेल ते. नाका ओलांडला की एक फेरी गेली. बेळगावाहून दर आठवड्याला कोल्हापूरला जाऊन येणाऱ्याला हत्तरगी आणि कोगनोळी धरून चार फेऱ्या लागतात, म्हणजे पन्नासाव्या आठवड्यात पास रिकामा.