प्रतिसृष्टी आणि नजरबंदी : बोद्रियार यांच्या छायाचित्रांकडे पाहताना

‘आभासी’ हा शब्द आपण अलीकडे इतका राबवतो की आभासी चलन, आभासी वर्ग आणि आभासी मैत्री या सगळ्यांना तो सारखाच पुरतो. फ्रेंच विचारवंत ज्याँ बोद्रियार (१९२९–२००७) यांच्याविषयी मराठीत बोलताना मात्र तो घात करतो, कारण त्यांनी कटाक्षाने वेगळ्या ठेवलेल्या दोन कल्पना, सिम्युलेशन आणि इल्युजन, त्या एकाच शब्दात कोंबल्या जातात. मग हमखास प्रश्न येतो, की प्रतिमांनी वास्तव गिळून टाकले असे सांगणारा हा माणूस स्वतः कॅमेरा घेऊन का हिंडत होता? या दोन कल्पनांसाठी मी इथे अनुक्रमे ‘प्रतिसृष्टी’ आणि ‘नजरबंदी’ हे जुने शब्द वापरतो.

प्रतिसृष्टीची मांडणी त्यांच्या १९८१ च्या सिम्युलेशनवरील पुस्तकात आहे आणि तिथले आजाऱ्याचे उदाहरण आपल्याला सहज कळण्यासारखे आहे. तापाचे सोंग घेणारा माणूस पांघरूण ओढून पडून राहतो. खरे आणि खोटे यांतला फरक तो झाकतो, पण पुसत नाही. जो स्वतःच्या अंगात आजाराची काही लक्षणेच निर्माण करतो, त्याला आजारी म्हणावे की धडधाकट, हे वैद्यालाही सांगता येत नाही. प्रतिमेचा प्रवासही असाच होतो, असे बोद्रियार मांडतात : आधी ती वास्तवाचे प्रतिबिंब असते, मग ते विकृत करते, पुढे वास्तव मुळी उरलेच नाही हे लपवते आणि अखेरीस वास्तवाशी कसलाही संबंध नसलेली, आपल्यापुरती पूर्ण अशी गोष्ट बनते. विश्वामित्रांची प्रतिसृष्टी निदान मूळ सृष्टीशी स्पर्धा करत होती. इथे स्पर्धेला मूळच शिल्लक नसते, एवढी दुरुस्ती मनाशी ठेवून तो शब्द वापरावा.

याचे आजचे रूप खिशातल्या फोनमध्ये आहे. ‘पोर्ट्रेट’ पद्धतीने काढलेल्या फोटोत चेहऱ्यामागची धूसर पार्श्वभूमी बहुधा भिंगातून आलेली नसते. चेहऱ्याची कड कुठे संपते याचा हिशेब करून फोनने ती नंतर पसरवलेली असते, आणि म्हणूनच कधी कधी चष्म्याची दांडी किंवा कपाळावरची सुटी बट चेहऱ्याला सोडून मागच्या धुक्यात विरघळते. महागड्या भिंगाच्या धूसरपणाची ही नक्कल आहे. ते भिंग तिथे कधी नव्हतेच. हे उदाहरण माझे आहे, त्यांचे नाही. पण संगणकीय प्रतिमांविषयीची त्यांची उत्तरकालीन तक्रार याच दिशेने जाणारी होती.

नजरबंदीचे गणित नेमके उलट असते. जादूगार नाणे नाहीसे करतो, तेव्हा ते कुठेतरी आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते आणि तरीही डोळा खिळतो. प्रतिसृष्टी वास्तवात सतत भर घालते, त्याला अधिक स्पष्ट, अधिक संपूर्ण, अधिक ‘खरे’ करत नेते. नजरबंदी काढून घेते. एखाद्या वस्तूची प्रतिमा करणे म्हणजे तिचे वजन, खोली, वास, काळ आणि शेवटी अर्थही एकेक करून उतरवणे, असे बोद्रियार यांचे म्हणणे आहे. सपाट, स्तब्ध, मुका फोटो त्यामुळेच त्यांना सिनेमापेक्षा आणि त्रिमिती चित्रापेक्षा बलवान वाटतो. आजच्या जगात भ्रम फार झाला ही त्यांची तक्रार नाहीच. तक्रार आहे ती अशा भर घातलेल्या वास्तवाचा अतिरेक झाल्याची आणि भ्रमाला जागा न उरल्याची. ‘आभासी’ या एका शब्दाने हेच उलटेपण सपाट होऊन जाते.

१९८१ मध्येच जपानच्या प्रवासात त्यांना एक कॅमेरा भेट मिळाला आणि हा नाद सुरू झाला. १९८७ च्या एका रंगीत छायाचित्रात लाल कापडाने झाकलेली एक खुर्ची आहे. कापड बैठकीपाशी दबलेले आणि चुरगळलेले आहे. कोणीतरी बसून उठले असावे, एवढेच कळते. कोण, कधी, कशासाठी, यातले काही फोटो सांगत नाही. त्यांच्या छायाचित्रांत माणसे जवळजवळ नसतातच, कारण माणसाचा चेहरा आला की भावना, हकीकत आणि अर्थ यांची गर्दी होते. दुःखाचे दर्शन घडवणाऱ्या वृत्तछायाचित्रांवरचा त्यांचा रागही याच कारणाने होता.

इथे वेदान्तातल्या मायावादाची, म्हणजे जग हा भ्रम आहे या मताची, आठवण होणे साहजिक आहे, पण तिला आवर घालावा. तिथे अंधारात दोरीवर भासलेला साप दिवा आणल्यावर जातो. बोद्रियार यांच्या नजरबंदीमागे असा कोणताही दिवा नाही आणि तो आणावा असे त्यांना वाटतही नाही.

वस्तूलाच आपला फोटो काढला जावा असे वाटते, छायाचित्रकार निमित्तमात्र असतो, हा त्यांचा दावा मला मात्र पुरता पटत नाही. लाल खुर्ची चौकटीत कुठे बसवायची, प्रकाश कोणत्या वेळचा घ्यायचा, हे कोणीतरी ठरवले होते आणि फार चांगल्या नजरेने ठरवले होते. मे १९९६ मध्ये ‘लिबेरास्याँ’ या दैनिकात लेख लिहून त्यांनी समकालीन कलेला पोकळ ठरवले, आणि तिच्या पोकळपणाचीच मिरवणूक निघते असे सुनावले. आपण छायाचित्रकलेतले कलावंत नाही, असेही ते सांगत राहिले. त्यांचे फोटो तोवर व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, टांगून झाले होते.