छातीत दुखतंय, पण फाईल मानसोपचाराची आहे

पन्नाशीचा एक माणूस छाती जड वाटते म्हणून दवाखान्यात येतो. सोबतची बहीण पिशवीतून जुनी फाईल काढते. पहिल्याच पानावर स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या. मग प्रश्न भलतीकडेच जातात. गोळ्या वेळेवर घेतो का? झोप लागते का? घरात काही झालंय का? आणि ईसीजी राहून जातो. दर वेळी असं होत नाही, पण मनाच्या निदानाची सावली अशी शरीराच्या तक्रारीवर पडते, हे डॉक्टरांनाही चांगलं ठाऊक आहे.

याची किंमत किती, ते डेन्मार्कमधल्या नोंदींवरून कळतं. तिथे १९६८पासून प्रत्येक रहिवाशाला दहा आकडी क्रमांक मिळतो आणि दवाखान्यातल्या निदानापासून मृत्यूच्या कारणापर्यंत सगळं त्याला जोडलेलं असतं. १९९५ ते २०१५ या काळातल्या ७० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मानसिक आजाराचं निदान झाल्यावर पुरुषांचं उरलेलं आयुष्य इतरांपेक्षा सरासरी १०.२ वर्षांनी, तर स्त्रियांचं ७.३ वर्षांनी कमी भरलं.

हे ऐकलं की मनात पहिल्यांदा आत्महत्या येते. तो धोका खराच आहे. पण स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारांत निम्म्याहून जास्त मृत्यू हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, कर्करोग अशा कारणांनी होतात; म्हणजे शेजारच्या काकांना होतात तेच आजार, फक्त लवकर.

असं का, याचं एकच उत्तर नाही. माँट्रियलमध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या २२२ रुग्णांवर सहा महिने लक्ष ठेवलं होतं. १९९३ साली छापलेल्या त्या अभ्यासात, नैराश्य असलेल्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या चौपटीहून अधिक निघाला. नैराश्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स जास्त चिकट होतात, शरीरात दाह वाढतो. शिवाय उठून गोळी घ्यायचंही बळ राहत नाही. त्यात तंबाखू, बैठं आयुष्य, गरिबी. औषधांचाही वाटा आहे: ओलान्झपीन किंवा क्लोझापीन ही स्किझोफ्रेनियाची औषधं सुरू केल्यावर काही महिन्यांत पँट घट्ट होते आणि मग साखर वाढते.

इथे ‘मग गोळ्याच बंद करा’ म्हणणारे नातेवाईक हमखास भेटतात. त्यांना फिनलंडचे आकडे दाखवावेत. तिथे स्किझोफ्रेनियाच्या ६२ हजारांहून जास्त रुग्णांचा २० वर्षांपर्यंत माग घेतला. औषध न घेतलेल्या काळात मृत्यूचं प्रमाण ४६.२ टक्के होतं, सायकोसिसचं, म्हणजे भास-भ्रमांवरचं, कुठलंही औषध चालू असताना २५.७ आणि क्लोझापीनवर १५.६. वजन सगळ्यात जास्त वाढवणाऱ्या औषधांपैकी एक, आणि मृत्यू सगळ्यात कमी!

याच क्लोझापीनची आणखी एक गंमत. बिडी-सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका एन्झाइमला जोर देतात आणि औषध भराभर मोडलं जातं. म्हणून बिडी ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. तोच माणूस वॉर्डात भरती झाला की बिडी बंद. डोस तेवढाच, पण आठवडाभरात रक्तातली पातळी चढते, तो दिवसभर पेंगतो, लाळ गळते. आणि नातेवाईक म्हणतात, ‘आजार वाढला.’ दोष निकोटिनचा नाही, धुराचा आहे. त्यामुळे निकोटिनची च्युइंगगम दिली तरी हे टळत नाही. बिडी सुटायलाच हवी, पण तेव्हा डोस पुन्हा बसवावा लागतो.

क्लोझापीनवर माणसं जास्त जगतात ती औषधामुळेच का, यावर वादही आहे. या औषधाने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. म्हणजे आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी त्या माणसाकडे बघतं, बोलतं, बाही वर सारायला सांगतं. शंका घेणारे म्हणतात, निम्मा गुण त्या भेटीचाच असेल. मला ती शंका रास्त वाटते. बाही वर गेलीच आहे, तर रक्तदाबाचा पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात.