लहान महाविद्यालयांचे बास्केटबॉल आणि पंचांवरचा अविश्वास : पार्श्वभूमी

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल म्हटले की आपल्याकडे ड्यूक, केंटकी, कॅन्सस ही मोठ्या विद्यापीठांची नावे पुढे येतात. संख्येने पाहिले तर मात्र हा खेळ मुख्यतः लहान महाविद्यालयांचा आहे. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या मुख्य संघटनेच्या तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे, आणि या एकाच विभागात चारशेहून अधिक संस्था आहेत. दुसरा विभाग आणि एनएआयए ही वेगळी संघटना त्यात धरली, तर दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसणारे एक मोठे क्रीडाविश्व उभे राहते. या विश्वातील प्रेक्षकांचे आपल्या संघावर अतोनात प्रेम असते आणि पंचांवर जवळजवळ तितकाच अविश्वास असतो. या अविश्वासाकडे केवळ असभ्यपणा म्हणून पाहण्याची पद्धत आहे. ती मला अपुरी वाटते, कारण त्याची मुळे खेळाच्या नियमांत, पंच नेमण्याच्या व्यवस्थेत आणि जिथे सामने होतात त्या छोट्या व्यायामशाळांच्या रचनेत खोलवर गेलेली आहेत.

डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नाइस्मिथ यांनी हा खेळ तयार केला, तेव्हा हिवाळ्यात बंद जागेत, धक्काबुक्की न करता खेळता येईल असे काहीतरी त्यांना हवे होते. त्यांच्या मूळ 13 नियमांत खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय अडकवणे आणि मारणे यांना स्पष्ट बंदी होती. दोन अधिकाऱ्यांपैकी एकाने खेळाडूंवर नजर ठेवून फाउल मोजायचे आणि दुसऱ्याने चेंडूचा निवाडा करायचा, अशी कामाची वाटणीही नियमांतच होती. एकाच संघाकडून लागोपाठ तीन फाउल झाले, तर प्रतिस्पर्ध्यांच्या नावावर एक गोल मांडला जाई. म्हणजे पंचाच्या निर्णयातून थेट गुण मिळण्याची तरतूद या खेळात पहिल्या दिवसापासून आहे. पुढे 1894 मध्ये फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर टोपलीत विनाअडथळा चेंडू टाकण्याची संधी, आला आणि शिट्टीचा परिणाम धावफलकावर दिसणे ही नित्याची गोष्ट झाली. अरुंद जागेत दहा धावती शरीरे, त्यात स्पर्शाला बंदी, आणि कोणता स्पर्श चालवून घ्यायचा हे ठरवणारा माणूस मैदानातच उभा, अशी ही मांडणी आहे; त्यामुळे पंचाशी वाद हा या खेळात बाहेरून शिरलेला दोष नव्हे.

प्रेक्षकांचा उपद्रवही तितकाच जुना आहे. पहिल्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकलेल्या होत्या. सज्जात बसलेले लोक आपल्या संघाच्या सोयीने चेंडूला हात लावत, आणि तो हस्तक्षेप रोखण्यासाठीच 1890 च्या दशकात टोपलीमागे फळी आली. आज ज्या फळीवर चेंडू आपटून गुण मिळवले जातात, तिचा जन्म प्रेक्षकांना आवरण्याच्या गरजेतून झाला आहे. महाविद्यालयांमधील पहिल्या सामन्यांपैकी एक 9 फेब्रुवारी 1895 रोजी मिनेसोटात झाला आणि त्यात हॅमलाइन संघ राज्याच्या कृषिशाळेकडून 3-9 असा हरला. हॅमलाइन आज तिसऱ्या विभागात खेळते. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलची सुरुवातच अशा लहान संस्थांपासून झाली, ही गोष्ट मोठ्या विद्यापीठांच्या झगमगाटात विसरली जाते.

त्या काळी पंच आणण्याची जबाबदारी बहुधा यजमान संघाकडे असे. रेल्वेने पंचाला लांबून बोलावण्याचा खर्च लहान महाविद्यालयाला झेपणारा नव्हता. गावातला एखादा शिक्षक, जुना खेळाडू किंवा वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचा कार्यकर्ता शिट्टी घेऊन उभा राही. पाहुण्या संघाला तो यजमानांचा माणूस वाटे, आणि तसे वाटण्यात काही गैर नव्हते. नियमसुद्धा सगळीकडे एकसारखे नव्हते. 1905 मध्ये महाविद्यालयांनी आपली स्वतंत्र नियमसमिती काढली आणि 1915 मध्ये महाविद्यालये, वायएमसीए व हौशी क्रीडासंघटना यांची संयुक्त समिती झाली, तोवर एका गावात चालणारी चाल दुसऱ्या गावात फाउल ठरू शकत होती. ‘तिकडचे पंच आपल्याला हरवतात’ ही भावना या काळात पक्की झाली आणि व्यवस्था बदलल्यावरही ती पिढ्यान् पिढ्या टिकून राहिली.

आपल्याला हे अनोळखी नाही. कसोटी क्रिकेटमध्ये यजमान देशाचेच पंच उभे राहत, तेव्हा प्रत्येक दौऱ्यावर हीच कुरबुर ऐकू येई. अखेर 1986 मध्ये पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातील लाहोर कसोटीसाठी मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि त्यांच्यासोबत व्ही. के. रामस्वामी या भारतीय पंचांना बोलावण्यात आले, आणि तटस्थ पंचांची कल्पना तिथून पुढे सरकली. क्रिकेटला ती परवडली, कारण कसोटी सामने मोजके असतात. एका हिवाळ्यात हजारो सामने खेळणाऱ्या लहान महाविद्यालयांना तो मार्ग मोकळा नव्हता.

त्यांनी काढलेला मार्ग म्हणजे कॉन्फरन्स. जवळपासची आठ-दहा महाविद्यालये एकत्र येतात, एक पर्यवेक्षक नेमतात आणि तो सर्व सामन्यांना पंच वाटून देतो. यजमानांनी पंच निवडण्याची प्रथा यामुळे संपली. मात्र पंचांची संख्या मर्यादित असल्याने तेच चेहरे एका हंगामात पुनःपुन्हा समोर येऊ लागले. हे पंच पगारी नोकर नसतात. सामन्यागणिक मानधन घेणारे ते स्वतंत्र व्यावसायिक असतात. दिवसा शाळेत, कचेरीत किंवा दुकानात काम करून संध्याकाळी ते स्वतःच्या गाडीने सामन्याला पोहोचतात. एकाच पंचाला एकाच आठवड्यात दोन-तीन वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे सामने असू शकतात. त्याने मागच्या वर्षी दिलेला निर्णय प्रेक्षकांना तारखेसकट आठवत असतो. मोठ्या विद्यापीठाच्या पंधरा हजारांच्या गर्दीत पंच हा बव्हंशी निनावी राहतो. चारशे लोकांच्या व्यायामशाळेत लोक त्याला ओळखतात.

एनसीएएने 1957 मध्ये मोठ्या आणि लहान संस्थांच्या स्पर्धा वेगळ्या केल्या आणि 1973 मध्ये आजचे तीन विभाग पाडले. या विभागणीने प्रेक्षकांच्या मनात आणखी एक शंका पेरली. पंचांची चढण शालेय सामन्यांपासून सुरू होते. तिथून कनिष्ठ महाविद्यालये, तिसरा विभाग किंवा एनएआयए, मग दुसरा विभाग आणि शेवटी पहिला विभाग, असा तो रस्ता आहे. म्हणून लहान महाविद्यालयांच्या मैदानावर वर जाऊ पाहणारे तरुण पंच आणि अनेक वर्षे याच पातळीवर निष्ठेने काम करणारे अनुभवी पंच, असे दोन्ही प्रकार एकत्र भेटतात. ‘आमच्या मुलांवर हे लोक सराव करून घेतात’ ही तक्रार त्यातून येते. ती काही अंशी खरी आहे. पंच सामन्यांतूनच शिकतो आणि ते सामने कोणाच्या तरी मुलांचे असणारच. पहिल्या विभागासाठी 1986 पासून हँक निकोल्स यांच्या रूपाने राष्ट्रीय समन्वयक आले आणि पंचगिरीत एकसारखेपणा आणण्याचे प्रयत्न जोरात सुरू झाले. लहान विभागांत ती शिस्त झिरपायला वेळ लागला, आणि तीन पंचांची पद्धत मोठ्या सामन्यांत रुळल्यानंतरही अनेक लहान कॉन्फरन्समध्ये दोनच पंचांवर काम भागवले जात असे. दोन पंच असले की एक टोपलीखाली उभा राहतो आणि दुसरा मागून येतो; चेंडूपासून दूरच्या बाजूला जे घडते, तिकडे पाहायला कोणीच उरत नाही. बाकावर बसलेल्या प्रेक्षकाला नेमकी तीच बाजू उघडी दिसते. अशा वेळी ‘तुला दिसले नाही का?’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘नाही, दिसले नाही’ असेच असते.

सर्वाधिक आरडाओरडा होतो तो ब्लॉक की चार्ज या निर्णयावर. आक्रमक टोपलीकडे झेपावतो, बचाव करणारा त्याच्या वाटेत येतो, दोघे आदळून खाली पडतात. फाउल कोणाचा? बचाव करणाऱ्याचा असेल तर ब्लॉक, आक्रमकाचा असेल तर चार्ज. बचाव करणाऱ्याने आधी दोन्ही पाय जमिनीवर आणि छाती आक्रमकाकडे अशी वैध जागा घेतली पाहिजे, असा नियम आहे. एकदा ती जागा मिळाली की तो बाजूला किंवा मागे सरकू शकतो. पुतळ्यासारखे स्तब्ध राहण्याची अट नियमात नाही. तरीही ‘तो हलत होता!’ ही आरोळी प्रत्येक व्यायामशाळेत उठतेच. आक्रमक हवेत जाण्यापूर्वी जागा घेतली होती की नाही, यावर पूर्वी निर्णय अवलंबून असे. पुरुषांच्या खेळात 2023-24 पासून हा क्षण आणखी मागे नेण्यात आला, आणि आक्रमक उडीसाठी पाय रोवतो तेव्हाच बचाव करणारा जागेवर असायला हवा, असे ठरले. टोपलीखालच्या पंचाने क्षणभरात एकाचा रोवलेला पाय, दुसऱ्याची छाती आणि टोपलीखाली जमिनीवर आखलेली कमान (तिच्या आत मदतीला आलेल्या बचावपटूला चार्ज मिळत नाही) या तिन्हींकडे पाहायचे असते. नियम बदलतो त्या वर्षी प्रेक्षकाच्या डोक्यात जुना नियम असतो, म्हणून पंच बरोबर असतानाही त्याची चूक झाल्यासारखी दिसते. हाताचेही तसेच. चेंडूवर असलेल्या हाताला फटका लागला तर तो फाउल नसतो, कारण नियम त्या वेळी हाताला चेंडूचाच भाग मानतात. पाठीमागून उंच उडी मारून चेंडू घेणे हासुद्धा केवळ तेवढ्याने गुन्हा ठरत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष धक्का लागावा लागतो. लहान महाविद्यालयांच्या प्रेक्षकांत खेळाडूंचे पालक, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक यांचा भरणा असतो. ही माणसे जाणती असतात, पण त्यांचे नियमांचे ज्ञान बहुतेकदा ते स्वतः खेळत होते त्या काळातले असते.

एकच घटना दोन बाजूंना वेगळी दिसते, याचा अभ्यास झालेला आहे. नोव्हेंबर 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात झालेल्या धसमुसळ्या अमेरिकन फुटबॉल सामन्याचे चित्रीकरण दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यात आले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. 1954 मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष आजही दिले जातात. मात्र एवढ्यावर सगळा दोष प्रेक्षकांच्या माथी मारणे बरोबर नाही, कारण पंचांवरही गर्दीचा परिणाम होतो. 2002 मधील एका प्रयोगात 40 फुटबॉल (सॉकर) पंचांना एका सामन्याची दृश्ये दाखवली गेली. गर्दीच्या आवाजासह दृश्ये पाहणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाउल दिले. बास्केटबॉलमध्ये एनसीएएच्या 2004-05 हंगामातील 365 सामन्यांचा अभ्यास झाला. ज्या संघाचे फाउल कमी, त्याच्याविरुद्ध पुढचा फाउल दिला जाण्याची शक्यता अधिक, असे त्यात आढळले, आणि पाहुण्या संघाला फाउलचा फटका जास्त बसतो हेही दिसले. फलकावरचा फाउलांचा आकडा दाखवून ‘सात-दोन! सात-दोन!’ असे ओरडणारा प्रेक्षक अडाणी नसतो. त्या ओरडण्याचा उपयोग होतो, हे त्याने अनुभवातून ओळखलेले असते.

लहान जागेत हा आवाज अधिक धारदार होतो. बाकांची पहिली रांग सीमारेषेपासून हातभर अंतरावर असते आणि एकट्या माणसाचे वाक्यही शब्दन् शब्द ऐकू येते. प्रत्येक ठिकाणी हे शत्रुत्वाचेच असते असे नाही. इंडियानातील टेलर विद्यापीठात वर्षातून एकदा संघाचा दहावा गुण होईपर्यंत सारी व्यायामशाळा चिडीचूप बसते आणि मग एकदम उसळते. आर्कान्सातील जॉन ब्राउन विद्यापीठात हंगामाच्या पहिल्या घरच्या सामन्यात पहिली टोपली पडताच प्रेक्षक हजारो टॉयलेट पेपरची रिळे मैदानावर फेकतात. मैदानावर वस्तू फेकल्याबद्दल पंच यजमानांना टेक्निकल फाउल देतात, पाहुणे फ्री थ्रो घेतात, रिळे उचलली जातात आणि सामना पुढे सुरू होतो. प्रेक्षकांच्या कृत्याची शिक्षा संघाला देण्याचा अधिकार पंचाला आहे. तो तिथे दरवर्षी सर्वांच्या संमतीने वापरला जातो. मिशिगनमधील होप आणि कॅल्विन यांची चुरस याहून वेगळी आहे. तिथे शेजारच्या दोन शहरांतील दोन चर्चसंलग्न महाविद्यालये एका शतकाहून अधिक काळ झुंजत आली आहेत. 1997 मध्ये त्यांच्या एका सामन्याला 11 हजारांहून अधिक लोक आले होते. अशा सामन्यात शेवटच्या मिनिटातील शिट्टी दोन्ही गावांत वर्षानुवर्षे चर्चेत राहते.

गेल्या दशकभरात दोन गोष्टींनी हे चित्र बदलले. पहिली म्हणजे इंटरनेटवरील थेट प्रक्षेपण. आता जवळजवळ प्रत्येक लहान महाविद्यालय आपले सामने दाखवते, बहुधा मधल्या रेषेवरच्या एकाच कॅमेऱ्यातून. घरी बसलेला पालक वादग्रस्त क्षण पुन्हा पुन्हा पाहू शकतो. मैदानावरील पंचाला मात्र अनेक ठिकाणी तो पाहण्याची सोयच नसते, कारण कडेला पुनर्दर्शनाचा पडदा बसवलेला नसतो. पुरुषांच्या खेळात 2025-26 पासून प्रशिक्षकांना ठरावीक निर्णयांवर दाद मागण्याची मुभा मिळाली आहे, परंतु जिथे पडदाच नाही तिथे तिचा काही उपयोग नाही. एका कॅमेऱ्याचा कोन खूप फसवा असतो हेही खरे, पण पंचाला जे दिसत नाही ते प्रेक्षकाला निदान एका बाजूने तरी दिसते, हा उलटा प्रकार या पातळीवरच्या रोषाला नवे इंधन देतो. दुसरी गोष्ट म्हणजे पंचांची टंचाई. शालेय पातळीवर 2018-19 ते 2021-22 या काळात देशभरात सुमारे 50 हजार पंच कमी झाल्याचे शालेय क्रीडासंघटनांच्या राष्ट्रीय महासंघाने सांगितले. महाविद्यालयांना पंच याच साठ्यातून मिळतात. प्रेक्षक आणि पालकांची वागणूक हे गळतीचे एक ठळक कारण म्हणून सातत्याने पुढे आले आहे. अनुभवी लोक निघून गेले की कच्चे पंच लवकर वर येतात, त्यांच्या चुका वाढतात आणि लोक आणखी चिडतात.

यावर कॉन्फरन्सनी केलेला उपाय प्रामुख्याने वागणुकीचा आहे. सामन्यापूर्वी शिस्तीची सूचना वाचली जाते, यजमान संस्थेचा एक अधिकारी मैदानाजवळ थांबतो आणि मर्यादा सोडणाऱ्याला बाहेर काढले जाते. ते आवश्यकच आहे. पार्किंगपर्यंत पंचाचा पाठलाग करणाऱ्या माणसाची बाजू कोणालाही घेता येणार नाही. माझा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे. निर्णयाबद्दल शंका असेल तर प्रशिक्षक त्या क्षणाचे चित्रण पर्यवेक्षकाकडे पाठवतो, पर्यवेक्षक ते तपासतो, पंचाशी बोलतो आणि प्रशिक्षकाला कळवतो की शिट्टी बरोबर होती किंवा चुकली. हे काम अनेक ठिकाणी मनापासून होते. पण ते उत्तर तिथेच थांबते. ज्याने तिकीट काढून सामना पाहिला, ज्याचा मुलगा पाचव्या फाउलवर बाहेर बसला, त्याला ते कधीच कळत नाही. तीन आठवड्यांनी तोच पंच पुन्हा त्याच व्यायामशाळेत येतो, तेव्हा मागच्या वेळी तो बरोबर ठरला होता की चूक, हे प्रशिक्षकाला ठाऊक असते, पंचाला ठाऊक असते आणि बाकांवरच्या चारशे लोकांपैकी कोणालाच ठाऊक नसते.