ट्रॅक्टर पुलिंगसाठी जुन्या ट्रॅक्टरची सज्जता

ट्रॅक्टर पुलिंग या स्पर्धेत ट्रॅक्टरमागे वजनाची स्लेड (जमिनीवर घसरत ओढायची गाडी) जोडून ती मातीच्या सरळ पट्टीवर जमेल तितकी लांब ओढायची असते. १९२९ मध्ये अमेरिकेतील मिसूरी आणि ओहायो राज्यांत या खेळात ट्रॅक्टर उतरले. त्याआधी ओढीची ताकद घोड्यांची जोखली जाई. समान नियमांसाठी १९६९ मध्ये नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन स्थापन झाली. जुन्या ट्रॅक्टरांच्या गटात साधारणपणे १९५० च्या दशकापर्यंतची यंत्रे असतात. फार्मॉल एम (१९३९–१९५२) आणि जॉन डीअर ए (१९३४–१९५२) ही त्यांतली नेहमीची नावे.

आजच्या स्लेडवर वजनाची पेटी मागून पुढे सरकत येते, त्यामुळे पुढचा लोखंडी तळ जमिनीवर दाबला जातो आणि ओझे फुटाफुटाला वाढते. साधारण ३०० फुटांची पूर्ण पट्टी पार झाली की 'फुल पुल'. अशा ओझ्यापुढे नवखा माणूस आधी इंजिनाला हात घालतो. खरे तर इंजिन तंदुरुस्त असेल, तर पल्ला बहुतेक वेळा वजन कुठे टांगले यावरच ठरतो.

गट वजनावरून पडतात आणि ट्रॅक्टर चालकासह तोलला जातो. म्हणून मूळ ट्रॅक्टर गटाच्या मर्यादेपेक्षा हलका असावा, म्हणजे उरलेले वजन हवे तिथे लावता येते. ओढ सुरू झाली की पुढच्या चाकांवरचा भार मागे जातो. ड्रॉबार (स्लेड अडकवायचा मागचा दांडा) जमिनीपासून २० इंच उंच, दोन आसांमधले अंतर ८० इंच आणि ओढ ३,००० पौंडांची असेल, तर ७५० पौंड भार पुढून मागे सरकतो. तेवढा भार पुढे आधीच हवा; कमी पडला तर नाक वर उठते आणि सुकाणू हातात राहत नाही, जास्त झाला तर मागच्या चाकांच्या वाट्याचे वजन फुकट जाते. चांगल्या बांधणीत शेवटच्या टप्प्यात पुढची चाके जमिनीला जेमतेम टेकलेली दिसतात.

ड्रॉबार नियमात बसेल तितका उंच ठेवतात, मात्र मागच्या आसाच्या मध्यापेक्षा खाली आणि त्याच्या मागे. नाक उचलले गेले की मागे असलेला ड्रॉबार खाली जातो आणि उचल आपोआप कमी होते. आसाच्या वर स्लेडची साखळी अडकवणे म्हणजे ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटवून घेणे. त्याला कुठेच मुभा नसते.

टायरमधली हवा कमी केली की जमिनीवरचा ठसा वाढतो. पण हाव नडते: रिम टायरच्या आत फिरते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून येतो. दोन्ही बाजूंची हवा आणि टायरचा घेर सारखा नसेल, तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो.

इंजिनात मॅग्नेटोची (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाची) ठिणगी, कार्बोरेटर आणि गव्हर्नर (इंजिनाचे फेरे आवरणारा भाग) तपासतात. फेरे किती वाढवायचे हे आयोजकांच्या नियमांवर असते. क्लच मात्र निर्दोष हवा. साखळी हळूच ताणून मगच थ्रॉटल उघडतात, कारण हिसक्याने जुन्या गिअरचे दात तुटतात आणि असे सुटे भाग सहजी मिळत नाहीत. उलटण्याविरुद्ध मागचे आधारदांडे आणि इंजिन तत्काळ बंद करणारा स्विच अनेक ठिकाणी सक्तीचे असतात.