मुळशीच्या मुक्कामाहून गटाने ऑफरोडला निघण्यापूर्वी

पुण्याच्या चांदणी चौकातून पिरंगुट, पौड करत लॉजवर पोहोचणं सोपं आहे. डिझेल-पेट्रोल मात्र वाटेतच पूर्ण भरून घ्या. खरी आखणी दुसऱ्या दिवसाची, आणि ती आम्ही उलटी करतो. अंधार पडण्याआधी सगळ्या गाड्या लॉजच्या अंगणात हव्यात. तिथून मागे मोजत येऊन जेवढी वाट बसेल तेवढीच घ्यायची. दगडगोट्यांच्या चढावर तासाला आठ-दहा किलोमीटर झाले तरी पुष्कळ, आणि एखादी गाडी रुतली की तास सहज जातो.

म्हणूनच एका गटात सहापेक्षा जास्त गाड्या घेत नाही. थार, जिम्नी, गुरखा, काहीही आणा, पण फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर) आणि लो रेंज (हळू वेगात जास्त जोर देणारा गिअर) हवीच. वाटेवर प्रत्येकाने मागची गाडी आरशात ठेवायची. वळणावर ती दिसेनाशी झाली की थांबायचं. डोंगराआड मोबाइलची रेंज जाते. वॉकीटॉकी आम्ही देतो.

कच्च्या वाटेला लागण्याआधी टायरची हवा साधारण ३२ वरून २० पीएसआयवर आणतो. टायर पसरतो, दगडाला धरून चालतो आणि आतल्या माणसांना हादरेही कमी बसतात. मात्र कमी हवेवर वेगात वळलात तर टायर रिममधून निसटू शकतो. डांबरी लागली की आधी कॉम्प्रेसरने हवा भरायची, मग पुढे.

रुतलेली गाडी ओढताना दोर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पक्क्या बसवलेल्या हुकलाच लावायचा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच नाही. हा गोळा ताणाखाली तुटला तर थेट माणसाच्या अंगावर येतो. अशाने जीव गेले आहेत. दोर ताणलेला असताना त्याच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कोणी उभं राहणार नाही, व्हिडिओसाठीसुद्धा नाही. याला आमच्याकडे अपवाद नाही.

ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या हद्दीत आम्ही वाट सोडून गाडी घालत नाही. बाकीच्या वाटा खासगी रानातून, मालकांना विचारून ठरवलेल्या आहेत. भातखाचराच्या बांधावर चाक चढवू नका. बांध फुटला की खाचरातलं पाणी वाहून जातं आणि उभं पीक वाळतं. ओढा लागला तर आधी आमचा माणूस काठी घेऊन चालत जाईल. पाणी गढूळ आणि ओढीचं असेल तर सगळा ताफा माघारी फिरेल, ठरलेली वाट अर्धी राहिली तरी.

नोंदणी करताना गाडीचं मॉडेल, टायरचा आकार, सोबत किती मुलं आणि कोणाला पाठीचा त्रास आहे का, एवढं कळवा. त्यावरून कोणाला कोणत्या वाटेने न्यायचं ते ठरवतो.