विवेकनिष्ठ मानसोपचार

प्रतिकूल परिस्थितीत स्वतःचे विचार तपासून मनाचा तोल सावरायला शिकवणारी उपचारपद्धती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी ती १९५५ मध्ये सुरू केली. ‘रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘आरईबीटी’ म्हणतात. माणूस घटनेमुळे नव्हे, तर तिच्याविषयीच्या आपल्या मतामुळे अस्वस्थ होतो, हा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा विचार तिच्या मुळाशी आहे. मराठीत तिचा प्रसार प्रामुख्याने कि. मो. फडके यांनी केला.

दुःख नाहीसे करणे हे तिचे उद्दिष्ट नाही. नवख्यांची गल्लत इथेच होते. खिन्नता, चिंता, संताप, अपराधगंड या भावना माणसाला जखडतात. दुःख, काळजी, नाराजी, पश्चात्ताप याही क्लेशदायकच, पण त्या हातपाय हलवू देतात. पहिल्या गटातून दुसऱ्यात येणे, एवढेच साधायचे असते.

त्यासाठी कागदावर चार रकाने आखतात. समजा, राज्यसेवा परीक्षेत अपयश आले. पहिल्या रकान्यात फक्त घटना : ‘यादीत नाव नाही.’ ‘वाट लागली’ हे तिथे लिहायचे नाही, ते मत झाले. दुसऱ्यात परिणाम : कोणती भावना, किती तीव्र, आणि तिच्यापायी काय केले (फोन बंद ठेवला, पुस्तक उघडले नाही). तिसऱ्यात या दोहोंमधला विचार. तो सापडायला वेळ लागतो. सहसा तो हट्टी मागणी (‘यंदा निवड व्हायलाच हवी होती’), ‘सगळे संपले’, ‘हे मला सोसवणार नाही’ किंवा ‘मी नालायक’ यांपैकी एक असतो. एलिस यांच्या मते उरलेले तिन्ही मागणीतूनच फुटतात, म्हणून आधी तीच शोधावी.

चौथ्या रकान्यात उलटतपासणी : याला पुरावा काय? इच्छा तीव्र आहे म्हणून ती पुरी झालीच पाहिजे, हे तर्काला धरून आहे का? असे मानून माझे काय भले होते? त्यातून उरते ते असे : ‘निवड व्हावी अशी फार इच्छा होती. झाली नाही हे वाईट आहे, पण सोसण्याजोगे आहे.’ ‘जे होते ते भल्यासाठी’ असे लिहिणाऱ्याने तपासणी टाळलेली असते. ती समजूत पुढच्या अपयशात टिकत नाही.

पटले तरी वळत नाही, ही नेहमीची अडचण. म्हणून कृतीची जोड लागते. एलिस यांनी स्वतः एकोणिसाव्या वर्षी स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर अनोळखी स्त्रियांशी संभाषण केले. त्यांच्याच सांगण्यानुसार शंभर जणींशी बोलल्यावर एकीने भेटायचे कबूल केले, आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली.

ताज्या शोकात असलेल्या माणसाशी अशी उलटतपासणी करू नये. त्या वेळी सोबत आणि जेवणखाण, झोप यांची व्यवस्था अधिक कामाची. तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असल्यास कागदावर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो.